छायाचित्रांचे दप्तर

(ग्रामपंचायत व तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यांसाठी भरविण्यात आलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'संगणकातील फोल्डरांची मांडणी' असा छापला आहे. तो वाचून काही जणांच्या चेहऱ्यांवर उमटलेली निराशा मी मघाशी पाहिली. अशा विषयावर पाऊण तास बोलण्यासारखे काय असावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असून यंत्राच्या अंतरंगाविषयी अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. तेव्हा मी बोलणार आहे ते मुख्यतः दप्तराविषयी. आणि दप्तर हा विषय या सभागृहातील कोणालाही परका नाही.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात काम करीत होतो, तेथे एके दिवशी दुपारी एक तरुण आला. त्याचे वडील तीनच दिवसांपूर्वी निवर्तले होते. कोरडवाहू जमिनीत चिकाटीने फळबाग उभी करणारे ते शेतकरी. तालुक्याच्या एका समारंभात त्यांचा सत्कार झाला होता आणि त्या वेळी आमच्या छायाचित्रकाराने त्यांचे छायाचित्र घेतले होते. घरात त्यांचे दुसरे धड छायाचित्र नव्हते. आधारपत्रावरचे होते, पण, "त्यात ते आमचे वडील वाटत नाहीत, साहेब," असे तो मुलगा म्हणाला. तेराव्याच्या दिवशी भिंतीवर लावण्यासाठी त्याला समारंभातील ते छायाचित्र हवे होते. ते आमच्याकडे आहे याविषयी मला शंका नव्हती, कारण त्या समारंभास मी स्वतः उपस्थित होतो.

परंतु ते सापडेना. संगणक उघडून पाहतो तो एक 'न्यू फोल्डर', मग 'न्यू फोल्डर २', मग 'फोटो', 'फोटो नवीन', 'फोटो नवीन फायनल', 'साहेबांचा दौरा', 'पेनड्राईव्हमधील सर्व' अशी नामावळी. प्रत्येकात शेकडो छायाचित्रे, आणि त्यांची नावे कॅमेऱ्याने दिलेली, म्हणजे चार अक्षरे आणि चार अंक. मुलाला साल आठवत होते, महिना आठवत नव्हता. मला महिना अंधुक आठवत होता, पण सालाविषयी आमचे दोघांचे एकमत होईना. तीन दिवस संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे बसून ती छायाचित्रे एकामागून एक पाहत होतो. पुढे महिनाभराने दुसरेच काही शोधीत असताना ते मिळाले. 'न्यू फोल्डर ३' मध्ये, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांच्या मध्ये, ते सुखरूप होते. तेरावा केव्हाच होऊन गेला होता. मी ते छापून घेऊन गावी पाठविले. त्याची पोच आली नाही, आणि ती मागण्याचा मला अधिकारही नव्हता.

हरवलेली वस्तू आणि न सापडणारी वस्तू यांत शब्दकोशात फरक असेल. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो नसतो. त्या दिवसापासून मी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागलो.

आपल्या महाराष्ट्राला दप्तराची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद एकत्र ठेवून कापडात बांधलेला गठ्ठा. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली या दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. संगणकाच्या भाषेत ज्याला फोल्डर म्हणतात तो माझ्या मते रुमालच होय. रुमालात काय ठेवावे आणि रुमालावर काय लिहावे, एवढेच दोन प्रश्न तेव्हाच्या फडणिसापुढे होते. आज आपल्यापुढेही तेच आहेत. फरक इतकाच की, फडणिसाला कागद बांधल्यावाचून गत्यंतर नव्हते, उघडे कागद वाऱ्याने उडून जात. संगणकात छायाचित्र कोठेही टाकले तरी ते उडून जात नाही. त्यामुळे आळसाला मोकळीक मिळते.

जुन्या दप्तराचे राहू द्या, आपल्या कार्यालयांतील सहा गठ्ठे पद्धती तर आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्यांवर काम करावयाचे आहे ते प्रलंबित कागद एका गठ्ठ्यात, ज्यांच्या उत्तराची वाट पाहावयाची आहे ते दुसऱ्यात. नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद यांचे गठ्ठे निराळे. या पद्धतीतील मर्म असे की, कागद कोणत्या विषयाचा आहे यापेक्षा त्याचे आता काय करावयाचे आहे हे तीत प्रथम पाहिले जाते. छायाचित्रांच्या बाबतीत आपण हीच गोष्ट विसरतो. नुकतीच काढलेली, निवडून ठेवलेली, संकेतस्थळावर चढवून झालेली आणि टाकून देण्याच्या लायकीची अशी सर्व छायाचित्रे आपण एकाच ढिगात ठेवतो, आणि पोर्टल उघडून बसल्यावर त्या ढिगात हात घालतो.

हा ढीग तयार होतो कसा, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅमेऱ्याच्या किंवा भ्रमणध्वनीच्या स्मृतिपटात 'डीसीआयएम' नावाचा एक फोल्डर असतो व छायाचित्रे त्यात जमा होतात. कॅमेरा त्यांना क्रमाने नाव देतो. हा क्रम ९९९९ पर्यंत गेला की पुन्हा आरंभापासून सुरू होतो. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याची, एकाच नावाची, परंतु सर्वस्वी भिन्न प्रसंगांची दोन छायाचित्रे कालांतराने तयार होऊ शकतात. ती एका फोल्डरात नकलताना संगणक विचारतो, 'जुनी फाईल बदलू काय?' आणि घाईत असलेला मनुष्य 'होय' म्हणतो. अशा एका 'होय'मध्ये कितीतरी गावांचे प्रसंग पुसले गेले असतील.

दुसरा मार्ग व्हॉट्सॲपचा. गावोगावचे सहकारी छायाचित्रे पाठवितात ती बहुधा याच मार्गाने. अँड्रॉईड भ्रमणध्वनीत त्या फाईलच्या नावात तारीख असते हे खरे, परंतु ती छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीत पोहोचल्याची तारीख होय. छायाचित्र काढल्याची नव्हे. सोमवारी झालेल्या ग्रामसभेचे छायाचित्र गुरुवारी आले तर नावावर गुरुवारच बसतो. शिवाय अशा तऱ्हेने पाठविलेले छायाचित्र आकाराने लहान केले जाते, आणि कॅमेऱ्याने फाईलच्या पोटात नोंदविलेली वेळ, स्थळ इत्यादी माहितीही त्यातून गळून जाते. ज्या छायाचित्राचा पुढे पुरावा म्हणून उपयोग होण्याचा संभव आहे, ते व्हॉट्सॲपवरूनच मागवावयाचे झाल्यास 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावे. तसे पाठविल्यास मूळ फाईल जशीच्या तशी येते.

आता नावाकडे वळू. फोल्डरच्या नावात तारीख प्रथम लिहावी, आणि तारखेत वर्ष प्रथम लिहावे. नंतर महिना, नंतर दिवस. आपल्याला सवय आहे ती दिवस प्रथम लिहिण्याची. परंतु संगणक नावांचा क्रम लावतो तो डावीकडून एकेक अक्षर पाहत. '१५-८-२०२४' असे लिहिले तर सगळ्या महिन्यांतील आणि सगळ्या वर्षांतील पंधरा तारखा एका जागी गोळा होतात. '२०२४-०८-१५' असे लिहिले की सारे फोल्डर आपोआप कालक्रमाने उभे राहतात. कोणी हात लावण्याची गरज उरत नाही. महिना एक अंकी असला तरी त्यापूर्वी शून्य घालावे, एरवी दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसण्याचा संभव असतो. वर्ष, महिना, दिवस हा क्रम आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली आपल्या ८६०१ क्रमांकाच्या मानकात स्वीकारला आहे, तेव्हा ही कोणा एका कार्यालयाची लहर नव्हे. तारखेत तिरकी रेघ मात्र वापरू नये. विंडोज प्रणाली ती नावात स्वीकारतच नाही. तसेच विसर्गासारखी दोन टिंबे, प्रश्नचिन्ह व तारका हीही वर्ज्य आहेत. आडवी लहान रेघ पुरते. अंकही सर्वांनी एकाच लिपीत लिहावेत. येथे छापताना मी देवनागरी अंक दिले आहेत, परंतु एकाने देवनागरी दोन लिहिला आणि दुसऱ्याने रोमन, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे असतात.

तारखेनंतर गाव. येथे मी थोडा थांबतो, कारण घोटाळे होतात ते याच जागी. महाराष्ट्रात पिंपळगावे किती आणि वडगावे किती, हे आपणांस मी सांगावयास नको. एकट्या गावाच्या नावाने फोल्डर लावला तर दोन वर्षांनी ते कोणते पिंपळगाव हे लावणाऱ्यालाही सांगता येणार नाही. गावाबरोबर तालुका हवाच, आणि काही वेळा तेवढ्यानेही भागत नाही. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे तसे यवतमाळ जिल्ह्यातही आहे. जिल्हा पातळीवर काम करणाऱ्यास ही अडचण कदाचित भासणार नाही. परंतु आपली छायाचित्रे विभागाकडे किंवा मुंबईस गेली की ती खचित भासते.

याच ओघात नामांतराचा मुद्दा येतो. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. नव्या फोल्डरांना नवीन नावे द्यावीत हे उघड आहे. परंतु जुन्या फोल्डरांची नावे एका दुपारी उत्साहाने बदलून टाकण्याचा मोह आवरावा. त्या फोल्डरांचे उल्लेख जुन्या पत्रव्यवहारात आणि नोंदवह्यांत जुन्याच नावाने आलेले असतात. नाव बदलले की तो दुवा तुटतो. जुने नाव तसेच ठेवून शेवटी नवीन नाव जोडले तर दोन्ही नावांनी शोध घेता येतो. स्थलनामांच्या रोमन लेखनाविषयीही असेच म्हणता येईल. एकच गाव तीन कारकून तीन प्रकारे लिहितात आणि संगणकाला ती तीन गावे वाटतात. आपल्या तालुक्यातील गावांची नावे एकदा निश्चित करून, त्यांची यादी छापून संगणकाशेजारच्या भिंतीवर लावावी. भिंतीवरची यादी हा आजही सर्वांत जलद संदर्भग्रंथ आहे.

गावानंतर विषय, आणि येथे मला थोडे परखड बोलावयाचे आहे. आमच्या त्या संगणकात 'साहेबांचा दौरा' या नावाचे पाच फोल्डर होते. साहेब बदलत गेले, दौरे होत राहिले. पाहुण्यांचा मान राखण्यास माझी हरकत नाही. परंतु दप्तर पाहुण्याच्या नावाने लावले की यजमान त्यात हरवून जातो. त्या शेतकऱ्याचे छायाचित्र आम्हाला सापडले नाही, याचे खरे कारण हे होते. सत्कार ज्याचा झाला त्याचे नाव आमच्या दप्तरात कोठेच नव्हते. होते ते सत्कार करणाऱ्याचे. त्याच फोल्डरात दीपप्रज्वलनाची अकरा छायाचित्रे मात्र होती, आणि त्या अकरांत ज्योतीखेरीज फारसे काही बदललेले नव्हते.

तेव्हा विषय लिहिताना कामाचे नाव लिहावे, जसे 'शेततळे', 'लसीकरण', 'ग्रामसभा', 'पूरहानी'. आणि प्रत्येक फोल्डरात 'नोंद' नावाची एक साधी मजकुराची फाईल ठेवावी. तीत चार ओळी पुरेत. प्रसंग कोणता, छायाचित्रे कोणी घेतली, आणि विशेषतः छायाचित्रात कोण कोण आहेत, डावीकडून उजवीकडे. ही नावे त्याच दिवशी लिहावी लागतात. दुसऱ्या दिवशी निम्मी आठवतात, महिन्याने एकही नाही. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून पूर्वी छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने ओळ लिहीत. संगणकातील छायाचित्राला पाठ नसते, म्हणून ही फाईल.

फोल्डर लावला, नाव दिले. आत काय ठेवावयाचे? माझ्या अनुभवाने तीन कप्पे पुरतात. 'मूळ' हा पहिला. कॅमेऱ्यातून आले तसे सर्व त्यात ठेवावे व त्यास पुन्हा हात लावू नये. 'निवड' हा दुसरा. त्यात पाच-सहा उत्तम छायाचित्रे नकलून घ्यावीत. तिसरा 'अपलोड'. पोर्टलला हव्या त्या आकाराच्या आणि हव्या त्या नावाच्या प्रती त्यात असाव्यात. आजच्या भ्रमणध्वनीचे छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाईटचे असते आणि अर्जाचे पोर्टल पुष्कळदा पन्नास किंवा शंभर किलोबाईटहून अधिक घेत नाही. एक मेगाबाईट म्हणजे १,०२४ किलोबाईट, हे लक्षात घेतले म्हणजे मूळ छायाचित्र पोर्टल का नाकारते ते कळून येईल. प्रत लहान करावयाची ती नेहमी नकलेवर. मूळ फाईलच लहान करून तीवरच जतन केली, तर पुढे ती मोठी करण्याचा कोणताही उपाय नाही. अपलोडसाठीच्या प्रतींची नावे मात्र रोमन अक्षरांत, लहान आणि मधे मोकळी जागा न सोडता द्यावीत. आपला संगणक मराठी नावे उत्तम सांभाळतो. सर्वच पोर्टले तशी सांभाळतात असे नाही.

फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर अशी उतरंड रचण्याची काहींना हौस असते. ती आवरती घ्यावी. वर्ष, त्यात प्रसंग, त्यात हे तीन कप्पे, एवढ्या पायऱ्या पुरेशा आहेत. विंडोज प्रणालीत फाईलचा संपूर्ण पत्ता, म्हणजे सर्व फोल्डरांची नावे धरून, परंपरेने २६० अक्षरांच्या मर्यादेत बसावा लागतो. लांब नावांची खोल उतरंड केली की कधीतरी फाईल नकलता येत नाही, आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता प्रत्यक्ष अपलोडचा क्षण. आपणांपैकी बहुतेकांचा वेळ जातो तो येथेच. पोर्टलवर प्रवेश केला, माहिती भरली, छायाचित्र निवडण्याची कळ दाबली, की एक चौकट उघडते. ती चौकट बहुधा आपण गेल्या वेळी ज्या फोल्डरातून फाईल घेतली तोच फोल्डर दाखविते. तेथून आपण मागे जातो, दुसरीकडे शिरतो, शोधतो. इकडे पोर्टलची वेळ संपते, आपण बाहेर फेकले जातो आणि भरलेली माहिती पुन्हा भरावी लागते. खेड्यात जोडणी मंद असली, किंवा मधेच वीज गेली, तर विचारूच नका.

यावर मी एक साधी युक्ती वापरतो. 'आज अपलोड' या नावाचा एकच स्वतंत्र फोल्डर तयार करावा. विंडोजमध्ये त्या फोल्डरवर उजवी कळ दाबली की 'पिन टू क्विक ॲक्सेस' असा पर्याय येतो. तो निवडला की फोल्डरचे नाव डाव्या बाजूच्या स्तंभात कायम दिसते, आणि पोर्टलने उघडलेल्या चौकटीतही ते त्याच जागी असते. ॲपलच्या संगणकात फोल्डर ओढून डावीकडील स्तंभात ठेवला की तेच काम होते. पोर्टलवर प्रवेश करण्यापूर्वी त्या दिवशी चढवावयाच्या सर्व प्रती या फोल्डरात आणून ठेवाव्यात. हा आपला प्रलंबित कागदांचा गठ्ठा होय. एकेक प्रत चढली की ती येथून काढावी. संध्याकाळी फोल्डर रिकामा झाला तर काम पूर्ण झाले. काही उरले असेल तर ते का उरले हे लगेच दिसते. वेगळे विवरणपत्र ठेवावे लागत नाही.

त्या चौकटीविषयी आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे, छायाचित्रांची नुसती नावे दिसत असतील तर दृश्य बदलून 'लार्ज आयकॉन्स' करावे. चेहरे दिसू लागतात आणि एकाऐवजी दुसऱ्याचे छायाचित्र चढण्याचा धोका कमी होतो. दुसरी, आपल्या फोल्डरात निश्चित असलेली फाईल त्या चौकटीत कधीकधी दिसत नाही. ती नाहीशी झालेली नसते. पोर्टल ज्या प्रकारची फाईल मागते तेवढीच तेथे दाखविली जाते. आयफोनमध्ये २०१७ पासून 'एचईआयसी' या प्रकारात छायाचित्रे जतन होऊ शकतात, आणि पोर्टलला पाहिजे असते 'जेपीजी'. अशा वेळी प्रकार बदलून प्रत करावी लागते. तेही काम 'अपलोड' कप्प्यात आधीच झालेले असावे, पोर्टल उघडल्यावर नव्हे.

आतापर्यंत जे सांगितले ते चुकले तर पुन्हा करता येण्यासारखे आहे. परंतु काही छायाचित्रे अशी असतात की ती पुन्हा घेता येत नाहीत. रोजगार हमी योजनेच्या कामांची स्थाननिर्देशित छायाचित्रे काम सुरू होण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर अशा तीन टप्प्यांवर घेण्याची पद्धत २०१७ पासून आहे. ती ठरवून दिलेल्या ॲपमधून घ्यावयाची असतात हे खरे. परंतु आपल्या दप्तरासाठी त्याच वेळी आणखी एक छायाचित्र घेऊन ठेवणारे ग्राम रोजगार सेवक मला भेटले आहेत, आणि त्यांचे मला कौतुक वाटते. विहीर खणून झाल्यावर तिच्या जागेचे मोकळे माळरान कोणालाही पुन्हा दाखविता येत नाही.

एका गावी शेजारशेजारच्या दोन गटांत दोन विहिरींची कामे एकाच महिन्यात सुरू झाली. तोच मुरूम, तसाच ढिगारा, कडेला तीच बाभळीची रांग. छायाचित्रे एका फोल्डरात एकत्र, नावे कॅमेऱ्याने दिलेली. एका विहिरीच्या कागदांना दुसरीचे छायाचित्र जोडले गेले. तपासणीत विसंगती आढळली आणि साहित्याचे देयक अडले. लाभार्थ्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. दिवाळीपूर्वी हाती यावयाचे पैसे त्याला संक्रांतीनंतर मिळाले; मधल्या काळात सिमेंटच्या उधारीसाठी तो दुकानदाराचे बोल ऐकत होता. त्या फोल्डरात गट क्रमांकाचे दोन कप्पे असते, आणि प्रत्येकात '१-पूर्वी', '२-चालू', '३-पूर्ण' असे तीन, तर हे घडले नसते. टप्प्याच्या नावापूर्वी अंक घालावयाचा तो अशासाठी की, संगणक अकारविल्हे लावताना 'चालू'ला 'पूर्वी'च्या आधी आणून ठेवतो.

सेवा केंद्रे चालविणाऱ्या सहकाऱ्यांसाठी थोडे निराळे सांगितले पाहिजे. आपल्याकडे येणारी छायाचित्रे दप्तरात जपून ठेवण्यासाठी नसतात. अर्जदाराचा चेहरा, स्वाक्षरी, आधारपत्राची प्रत हा त्याचा खाजगी ऐवज आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. परंतु कायद्याची वाट न पाहताही हे आपल्याला कळावयास हवे. कित्येक केंद्रांत संगणक सुरू होताच पडद्यावर पन्नास अनोळखी चेहरे आपल्याकडे पाहत असतात, आणि त्यांत एखाद्या मुलीच्या अर्जावर दुसरीचे छायाचित्र जाण्यास एक चुकीची कळ पुरेशी होते. प्रत्येक अर्जदारासाठी अर्ज क्रमांकाचा तात्पुरता फोल्डर करावा, काम होताच पोच अर्जदाराच्या हाती द्यावी आणि फोल्डर पुसून टाकावा. पुसलेली फाईल कचरापेटीत पडून राहते, तेव्हा ती पेटीही रिकामी करावी.

उलटपक्षी, जे कायम ठेवावयाचे त्याच्या प्रती एकाहून अधिक असाव्यात. छायाचित्रकारांत तीन-दोन-एक असा एक संकेत रूढ आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या परिस्थितीत याचा अर्थ संगणक, एक बाह्य हार्डडिस्क, आणि वरिष्ठ कार्यालयात किंवा शासनमान्य साठ्यात एक प्रत, असा घ्यावा. हार्डडिस्क संगणकाच्याच कपाटात ठेवणे म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ओवण्यासारखे होय. पूर आला तर दोन्ही एकदम जातात.

जुन्या ढिगाचे काय करावे, असे मला नेहमी विचारले जाते. सर्व ढीग एकदम आवरण्याच्या फंदात पडू नये. मी पडलो होतो. चौथ्या दिवशी सोडून दिले. आजच्या तारखेपासून नवी पद्धत सुरू करावी, आणि जुने सर्व 'पूर्वीचे' या एका फोल्डरात जसेच्या तसे ठेवावे. त्यातील एखादे छायाचित्र शोधण्याचा प्रसंग येईल तेव्हा, सापडल्यावर त्या प्रसंगाची सर्व छायाचित्रे नव्या रीतीने लावावीत. शनिवार-रविवारच्या सुट्टीपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी अर्धा तास याला दिला तरी वर्षभरात बराच पल्ला गाठता येतो. त्या अर्ध्या तासात कॅमेऱ्याचे घड्याळही पाहावे. विजेरी पूर्ण उतरली की काही कॅमेरे कारखान्यातील मूळ तारखेवर परत जातात, आणि मग आपल्या ग्रामसभा कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वी भरू लागतात.

त्या शेतकऱ्याच्या छायाचित्राचा फोल्डर आता तारीख, गाव, तालुका आणि विषय या क्रमाने लावलेला आहे. 'नोंद' फाईलमध्ये व्यासपीठावरील सातही जणांची नावे आहेत. त्यांपैकी दोघांची नावे मिळविण्यासाठी मला तीन दूरध्वनी करावे लागले.

भोजनानंतरच्या सत्रात आपण संगणकांवर दोघादोघांनी बसावयाचे आहे. प्रत्येकाने आपल्या भ्रमणध्वनीतील गेल्या महिन्याची छायाचित्रे आणली आहेत असे मी गृहीत धरतो. एका प्रसंगाचा फोल्डर लावावा, तीन कप्पे करावेत, 'नोंद' लिहावी, आणि नंतर जागा बदलून शेजाऱ्याला त्यातील एक छायाचित्र शोधावयास सांगावे. त्याला एका मिनिटात ते मिळाले नाही तर नाव पुन्हा लिहावे. मी खोलीतच आहे.